उंट खाली बसला

टायरवाल्यांच्या रांगेत अगदी शेवटचं गॅरेज मामांचं. मामा कुणाचे मामा, असं विचाराल तर सख्खा भाचा त्यांना एकही नाही. पण गाडी घेऊन येणारा प्रत्येक जण, मग तो विशीतला असो नाहीतर पासष्टीतला, दारातूनच ओरडतो, "मामा, आहात का?" आणि उत्तर हमखास कुठल्यातरी गाडीच्या खालून येतं. मामा गाडीखाली नसले तरी चटकन दिसत नाहीत, ही गोष्ट वेगळी. उंची वाटायच्या दिवशी देव जरा घाईत असावा, आणि मामा त्या दिवशी रांगेत मागे उभे होते.

म्हणून की काय कोण जाणे, पण मामांनी आयुष्यभर धंदा केला तो उंचीचाच. गाड्या उंच करायच्या. जॅक लावून घटकाभर नव्हे, कायमच्या. डोंगरातल्या वाटांवर जाणारे लोक, लाकूडवाले, खाणीवाले, आणि ज्यांना कुठंच जायचं नसतं पण उंच गाडीतून मिरवायचं असतं अशी हौशी पोरं, सगळे मामांकडे येतात. मागच्या एक्सलवर लोखंडी पट्ट्यांची जी कमान असते, तिला ही मंडळी पाटे म्हणतात. मामा त्यात दोन पाटे वाढवतात, खाली लोखंडाचे ठोकळे देतात, पुढचा भाग तोलून धरणारे पिळाचे दांडे, म्हणजे टॉर्शन बार, आवळतात, मोठी चाकं चढवतात. आठवड्याभरात बिचारी साधी गाडी अशी तट्ट उभी राहते, की खालून कुत्रं मान न वाकवता निघून जाईल.

"स्वतःला मिळाली नाही, ती गाड्यांना वाटत सुटलेत," मामी म्हणायच्या. मामी म्हणजे अर्थातच मामांची बायको, आणि त्यांचं बोलणं म्हणजे लिंबू पिळल्यासारखं. आंबट, पण त्याशिवाय चव नाही.

मामांच्या गॅरेजवर पाटी नव्हती. गरजच नव्हती. दारात त्यांची स्वतःची गाडी उभी असायची, पांढरी पिकअप, इंजिनाची ओढ चारही चाकांना असलेली, आणि पंचक्रोशीत तिच्याएवढी उंच दुसरी नाही. लोक तिला उंट म्हणायचे. कुणी पत्ता विचारला तर "सरळ जा, उंट दिसला की थांबा," एवढं सांगितलं की झालं. मामा तिच्यात चढायचे ते आधी पायरीवर, मग दाराच्या मुठीला लोंबकळून, मग एक झोका घेऊन. एकदा का वर पोचले, की खिडकीत कोपर ठेवून असे काही ऐटीत बसायचे, की समोरून येणाऱ्या बसचा ड्रायव्हरही दचकून हात करायचा.

या उंटावर मामांचा जीव होता. आणि तेवढाच जीव, खरं तर त्याहून कितीतरी जास्त, त्यांच्या ताईवर होता. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

ताई मामांची थोरली बहीण. आई गेली तेव्हा मामा अजून चड्डीला नाडी बांधायला शिकत होते. ताईने इस्पितळात नर्सची नोकरी धरली, आणि भावाला वाढवलं. तिने लग्न का केलं नाही, असं विचारायची कुणाची टाप नव्हती. एकदा एका बाईने विचारलं, तर ताई म्हणाली, "दिवसभर पुरुषांना अंघोळी घालते. घरी आणखी एक कशाला?" त्या बाईने परत तोंड उघडलं नाही. नाकावर माशी बसू द्यायची नाही, हा ताईचा स्वभाव. चाळीस वर्षं तिने रोग्यांना उचललं, वळवलं, बसवलं, उभं केलं. त्यात गुडघे गेले ते गेलेच. आता ती मामांच्या घरात मागच्या खोलीत राहायची, खिडकीशी रेडिओ, कोपऱ्यात काठी, आणि सगळ्या गल्लीच्या दुखण्याखुपण्यावर फुकट सल्ला.

मागच्या उन्हाळ्यात मामांनी सगळ्यांना तळ्यावर नेलं. ताईला उंटात चढवायचं म्हणजे एक सोहळाच होता. प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, एका बाजूने मामांनी धरलं, दुसऱ्या बाजूने त्यांच्या शेजारच्या वेल्डरने, आणि मामींनी मागून रेटलं. "एक, दोन, हो!" करून ताई आत. सगळे हसले. ताईही हसली. तळ्यावर पोचल्यावर लक्षात आलं, की स्टूल घरीच राहिलं. "असू दे रे, मी इथूनच बघते," ताई म्हणाली. मंडळी पाण्याकाठी पसरली, डबे उघडले, कुणी पोहलं, कुणी घोरलं. ताईला ताट वर नेऊन दिलं. मामा मधूनमधून खालून ओरडायचे, "ताई, काय झकास दिसत असेल ना तिथून!" आणि ताई हात हलवायची.

घरी परतल्यावर तिला तसंच धरून उतरवलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती शांतपणे म्हणाली, "छोट्या, मला परत त्या गाडीत घालू नकोस."

"का गं? त्रास झाला?"

"त्रास कसला? पाण्यात पाय बुडवायचे होते मला. दिवसभर समोर पाणी, आणि मी वर, पोत्यासारखी. मी सामान नाही रे."

मामांनी कप खाली ठेवला. सबंध दिवस आपण खाली फिरत होतो आणि हे आपल्याला दिसलं नाही, याची त्यांना इतकी लाज वाटली, की त्या दिवशी गॅरेजमध्ये त्यांनी कुणाशीच धड वाद घातला नाही. गिऱ्हाइकांना वाटलं मामा आजारी आहेत.

त्यानंतर ताई कुठं गेलीच नाही. डॉक्टर घरी येऊन बघून जायचा. आणि मग एके दिवशी फोन आला, ताईच्या मैत्रिणीचा. दोघी एकाच वॉर्डात कामाला होत्या, एकाच ताटात जेवल्या होत्या. मैत्रीण आता डोंगरापलीकडे भाच्याच्या शेतावर राहायची. तिला डोळ्यांनी दिसायचं कमी झालं होतं. "अजून थोडं दिसतंय तोवर ये गं," ती म्हणाली. "मग आलीस तर नुसता आवाज ऐकावा लागेल, आणि तुझा आवाज मला कधीच आवडला नाही." दोघी फोनवर खूप हसल्या. फोन ठेवल्यावर ताई बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसली.

मामांनी हे दारातून पाहिलं. म्हणाले, "जाऊ या ना ताई. उद्याच नेतो."

"तिकडे बस जात नाही. टॅक्सीवाले त्या चिखलात येत नाहीत. म्हणजे तुझा उंट."

"मग आहेच की तो!"

"मी जाईन ती स्वतःच्या पायाने चढून आणि स्वतःच्या पायाने उतरून. नाहीतर नाही. जन्मभर मी माणसं उचलली आहेत छोट्या, उचलून घेताना माणसाचं तोंड कसं होतं ते मला ठाऊक आहे." आणि तिने रेडिओ लावला, म्हणजे विषय संपला.

मामा स्वयंपाकघरात येऊन मामींपुढे हात चोळत बसले. पायरी आणखी एक लावू का? शिडी करू का, घडीची? दाराला पट्टा लावू का? मामी कणीक मळत ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, खरा उंटसुद्धा माणूस चढायचा असला की खाली बसतो. तुमच्याला तेवढीही अक्कल नाही."

मामा उठून बाहेर गेले आणि दारातल्या गाडीकडे बघत उभे राहिले. गाडी खाली करायची! दुसऱ्या कुणाची असती तर एवढ्यात जॅक लागला असता. पण उंट म्हणजे मामांची पाटी, मामांचा मान. चार-चाक ओढीची गाडी आणि जमिनीला टेकवलेली, हे म्हणजे पोहायला जायचं आणि केस भिजू द्यायचे नाहीत. लोक काय म्हणतील? लोक हसतील, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, कारण आजवर खाली बसवलेली गाडी दिसली की सगळ्यात आधी तेच हसत आले होते.

पण ताईचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. "गेली खड्ड्यात पाटी," मामा स्वतःशी म्हणाले, आणि शटर अर्धं ओढलं.

आधी माप. मामांनी ताईला गॅरेजमध्ये बोलावलं. कारण सांगितलं नाही, पण ताई काय दुधखुळी होती? जमिनीवर मामांनी एक जुना पाटा ठेवला आणि म्हणाले, "यावर पाय ठेव बघू." ताईने ठेवला. मग त्यावर दुसरा पाटा. मग तिसरा. पाट्यावर पाटा चढत गेला, ताई दर वेळी पाय टाकून वर येत गेली.

"काठी धरायची, पण मला धरायचं नाही," मामा म्हणाले.

"तुला धरून काय होणार? तू माझ्या खांद्याला लागतोस."

एका पाट्यावर ताईचा गुडघा थरथरला. मामांनी तो पाटा काढला, आणि त्याच्या खालचाही काढला, आणि ताईने "अरे, जमतं मला" म्हटलं तरी ऐकलं नाही. जिथं ताई सहज चढली, बोलता बोलता चढली, त्या उंचीला त्यांनी भिंतीवर खडूने रेघ मारली, गाडीचा उंबरा एवढ्यावर यायला हवा म्हणून. मग दोन पावलं मागे जाऊन रेघ बघितली. इतकी खाली! कंपनीतून गाडी येते त्याहूनही खाली.

कामाला सुरुवात झाली आणि बातमी फुटलीच. वेल्डर शटरखालून वाकून आत आला. मामांचा लहानपणापासूनचा दोस्त, डोक्यावर केस नाहीत आणि तोंडाला कुलूप नाही.

"काय रे, उंटाला काय झालं? ठोकळे का काढलेस?"

"धूळ पुसतोय त्यांची."

"आणि जास्तीचे पाटे पण धूळ पुसायला काढलेस?" वेल्डरने भिंतीवरची रेघ पाहिली, गाडी पाहिली, परत रेघ पाहिली. मग त्याचा चेहरा असा काही उजळला, की विचारू नका. "अरे देवा! तू हिला बसवतोयस! तू!" तो तिथंच एका टायरवर बसला आणि हसून हसून डोळे पुसायला लागला. "थांब, टायरवाल्याला बोलावतो. हे एकट्याने हसायचं काम नाही."

"ताईसाठी आहे," मामा गाडीखालून म्हणाले.

वेल्डरचं हसू जागच्या जागी थांबलं. स्टूलवर चढवताना एका बाजूने त्यानेच धरलं होतं. त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. "बोल, काय जोडायचंय?"

जोडायचं बरंच होतं. ठोकळे निघाले, वाढवलेले पाटे निघाले, गाडी कंपनीच्या उंचीवर आली, तरी खडूची रेघ अजून खालीच होती. या गाडीत पाटे एक्सलच्या वर बसलेले असतात. ते एक्सलच्या खाली घेतले, की गाडी तेवढीच खाली येते. पण त्यासाठी एक्सलला खालून नव्या बैठका जोडाव्या लागतात, आणि त्यांचा कल केसभर चुकला तर मागच्या चाकांना फिरवणारा शाफ्ट गुरगुरायला लागतो. मामा कोन बघायचे, वेल्डर टाका मारायचा, मामा परत बघायचे, "काढ" म्हणायचे, वेल्डर शिव्या द्यायचा आणि काढायचा. पुढचे टॉर्शन बार, जे आजवर मामांनी फक्त आवळले होते, ते आता सैल करायचे होते. पाना उलटा फिरवताना मामांचा हात दोनदा सवयीने सुलटाच वळला. "हाताला पण पटत नाहीये," वेल्डर म्हणाला.

एक जागा अशी होती, की दुसरा कुणी असता तर फसला असता. या गाडीत मागच्या एक्सलला ब्रेकचा एक व्हॉल्व जोडलेला असतो. गाडी किती दबली आहे यावरून तो ओझं ओळखतो आणि मागच्या चाकांना तेवढा जोर देतो. गाडी खाली बसवली की तो बिचारा समजतो, पोती भरलीत. मग रिकाम्या गाडीतही मागची चाकं गच्च धरतो आणि गाडी घसरते. मामांनी त्याचा दांडा नव्याने जुळवला, ओल्या मैदानात गाडी पुन्हा पुन्हा ब्रेक मारून बघितली, तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं. ताई बसणार होती त्यात. मोठी चाकं काढून साधी चढवली, कलंडलेले दिवे नीट केले, चाकं सरळ रेषेत आहेत ना ते बघून घेतलं.

एव्हाना रस्त्यावर जत्रा जमली होती. ती हौशी पोरं, ज्यांच्या गाड्या मामांनीच आकाशाला टेकवल्या होत्या, आ वासून बघत उभी होती. "मामा, हे काय केलंत?" एकाने रडवेल्या आवाजात विचारलं.

"आता ही नवी फॅशन आहे," मामांनी ठोकून दिलं. "तुम्हाला नाही कळायचं."

ताईला बोलावलं. मामी बरोबर आल्या, वेल्डर पाना हातात घेऊन उभा, टायरवाला आला, पोरं तर होतीच. मामांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. मुद्दाम हात पाठीमागे बांधून घेतले, म्हणजे चुकून पुढे जायला नकोत. ताईने काठी टेकली, पाय उचलला, आणि गाडीच्या उंबऱ्यावर ठेवला. सहज. लोकांनी श्वास रोखला. तिने दुसरा पाय आत घेतला, वळली, बसायला गेली, आणि अडकली. सीट तिच्या मांड्यांच्याही वर येत होती. ताई आत वाकून उभी, डोकं टपाला, पाठ सीटला, ना बसता येईना ना उभं राहता येईना.

"छोट्या," आतून आवाज आला, "या माडीवर जायला जिना कुठून आहे?"

मामांनी कपाळावर हात मारला. सीट! बसल्यावर बॉनेटवरून रस्ता दिसावा म्हणून त्यांनी स्वतःच फार पूर्वी सबंध लांब सीट लोखंडी अँगलच्या चौकटीवर चढवून घेतली होती. आणि या कामात त्यांना ती एकदाही आठवली नाही. जमिनीपासून चॅसिसपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, एक सूत चुकणार नाही असा माणूस, पण चॅसिसच्या वरचं जग त्यांच्या खात्यातच नव्हतं. त्यांच्या धंद्यात माप घेतात ते चाकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत. माणूस बसतो कुठं, हे कुणी मोजतच नाही.

पहिल्यांदा मामी हसल्या. मग वेल्डर. मग आतून ताईच खदखदून हसायला लागली, आणि हसता हसता तिला बाहेर यायला जमेना, तरी शेवटी आली, स्वतःच आली. मामा मात्र कानकोंडे होऊन उभे. "सीट कापावी लागेल," ते पुटपुटले.

"मग तुम्हाला रस्ता कसा दिसेल?" मामींनी विचारलं. आणि हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मामांच्या मुठीत स्टिअरिंग यायचं ते त्या चौकटीमुळेच. गाडी खाली आली ते एक झालं, आता मामांना स्वतःलाच खाली उतरायचं होतं, तेही सगळ्या रांगेसमोर. उंच खिडकीत कोपर टेकून बसायचे दिवस संपले होते. मामांनी एकवार पोरांकडे बघितलं, मग ताईकडे. तिच्या डोळ्यांत हसून हसून पाणी होतं, आणि त्यामागे एक भीतीही होती, की आता हे इथंच राहणार. ती भीती मामांनी ओळखली.

"कटर आण," ते वेल्डरला म्हणाले. "आणि मला एक जाडसर उशी बघा घरातून."

सीट खाली आली. मामा उशीवर बसले, उशी पुरेना म्हणून खाली आणखी एक घडी घातलेली गोणी आली. पोरं खिदळली. मामांनी तिकडे लक्षच दिलं नाही, कारण दुसऱ्या दारातून ताई काठी आधी आत ठेवून, पाय टाकून, वळून, अलगद येऊन बसली होती. बसली, आणि दार स्वतःच्या हाताने ओढून घेतलं. धाड! असं दार मामांच्या गाडीचं दुसऱ्या कुणी आपटलं असतं तर मामांनी त्याला रस्ता दाखवला असता. ताईने आपटलं, आणि मामांचा ऊर भरून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले. दोघंच. मामींनी, येतेस का असं कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "तुम्ही भावंडं जा. मला निदान एक दिवस घरात शांतता मिळू दे." ताईने इस्त्रीची साडी नेसली होती, पिशवीत मैत्रिणीसाठी बिस्किटं होती, आणि बोलणं थांबत नव्हतं. हे झाड कधी लावलं, ते घर कुणी रंगवलं, हा पूल केव्हा झाला? वर्षभर खिडकीत बसून बघायचं राहिलेलं सगळं ती एका दमात बघत होती.

डोंगर ओलांडला आणि शेताची वाट लागली. रात्री पाऊस पडून गेला होता. ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि मध्ये मातीचा उंच बांध. जुना उंट असता तर त्यावरून शीळ वाजवत गेला असता. मामांनी चारही चाकांची ओढ लावली, हळूहळू गाडी घातली, चाकं चांगली पकडत होती, आणि अर्ध्यात खालून खर्र आवाज आला. गाडीचं पोट बांधावर टेकलं. चाकं फिरत राहिली, गाडी ढिम्म.

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बघितलंस? बघितलंस ना? म्हणून उंची लागते! ही काय गाडी आहे, ही सरपटणारी पाल आहे! मूर्ख मी, महामूर्ख! आता ना पुढे ना मागे. तुला इथं अडकवून ठेवलं. परत तेच झालं, ताई, परत तेच केलं मी." आणि ते स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. मैत्रिणीचं घर समोर दिसत होतं, धूर निघताना दिसत होता. पण मधला चिखल कुणाच्या बापाचं ऐकणार होता?

शेजारून गार वारा लागला. मामांनी मान वर केली. सीट रिकामी होती.

दार उघडं होतं, आणि ताई खाली, वाटेच्या कडेच्या गवतावर उभी. साडी जरा वर खोचलेली, काठी घट्ट रोवलेली.

"ताई! थांब, मी येतो धरायला!"

"कशाला? उतरले की मी." ती काठीने चिखल चाचपत गाडीच्या पुढे गेली, वाकून खाली बघितलं. वॉर्डात फेरी मारायची तशी ती गाडीभोवती फिरली. "हे बघ, तुझं पोट मधोमध टेकलंय. डावीकडची कड घट्ट आहे, दगड आहेत खाली. मी उतरलेय, तेवढा भार कमी झालाय. थोडं मागे घे, आणि एक चाक बांधावर, एक चाक या कडेवर घालून ये. चाकोरीत उतरूच नकोस. मी सांगते तशी फिरव."

"अगं, चिखल उडेल तुझ्यावर!"

"उडू दे की. मी काय साखरेची आहे? हं, घे मागे. घे, घे, घे. बस! आता डावीकडे. माझ्याकडे बघ, रस्त्याकडे नको बघू. तसाही तुला तो दिसत नाहीये."

मामा उशीवर ताठ होऊन, मान उंचावून, फक्त ताईच्या हाताकडे बघत गाडी आणू लागले. तिचा हात डावीकडे गेला की डावीकडे, वर झाला की थांब. चाकं एकदा घसरली, मामांच्या तोंडून "मेलो" निघालं, ताई ओरडली, "ब्रेक नको, रेस दे जरा, दे!" आणि गाडी एक आचका देऊन बांधावर चढली, तिरकी झाली, आणि सरसरत पुढच्या घट्ट जमिनीवर येऊन उभी राहिली.

मामा गाडीतून उडी मारून धावत आले. ताईच्या साडीवर, गालावर, चष्म्यावर चिखल होता आणि ती अशी हसत होती, की मामांना एकदम चड्डीला नाडी बांधून देणारी ती पोरगी दिसली. आपण इतके दिवस तिला वर कसं चढवायचं एवढंच बघत होतो, आणि तिला पाहिजे होतं ते वाटेल तेव्हा उतरायला. एवढी साधी गोष्ट! मामांचे डोळे भरून आले, आणि लपवायला जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी खिशातलं तेलकट फडकं तोंडावर फिरवलं.

"आता रडतोस कसला? चल, ती वाट बघतेय," ताई म्हणाली आणि जाऊन आपल्या जागेवर बसली.

मैत्रीण फाटकात उभी होती. ताई दिसत होती की नुसतीच एक चिखलाची आकृती, कोण जाणे, पण ती म्हणाली, "आलीस का? अगं, किती घाण झालीस!" आणि दोघी एकमेकींना धरून इतका वेळ हसल्या, रडल्या, भांडल्या, की भाच्याने मामांना चहा दिला, मामांनी तो प्यायला, परत एक प्यायला, तरी यांचं चालूच. मामा ओसरीत बसून राहिले. त्यांना मुळीच घाई नव्हती.

दुपार कलताना परत निघाले. जाताना मैत्रिणीने ताईचा चेहरा दोन्ही हातांत धरून जवळून नीट बघून घेतला. "दिसलीस," ती म्हणाली. "म्हातारी झालीस."

वाटेत ताई म्हणाली, "थांबव." मामांनी थांबवलं. रस्त्याकडेला कुणी फुलझाडांची रोपं विकत होतं. ताई उतरली, एकेक रोप बघितलं, विकत काही घेतलं नाही, परत येऊन बसली. थोडं पुढे गेले तर पुन्हा, "थांबव." एक पाणपोई होती. उतरली, पाणी प्यायली, तिथल्या बाईला पाय सुजलेत म्हणून काय करायचं ते सांगितलं, परत आली. मग ओढा लागला. ताई उतरली, चप्पल काढली, आणि पाण्यात पाय सोडून एवढा वेळ बसली, की मामांना पेंग आली. मग एक गाय, मग एक बांधकाम, मग एक वळण, जिथून दरी दिसत होती. मामा पहिल्यांदा दार उघडायला धावले होते. दुसऱ्यांदा नुसतेच उतरून उभे राहिले. आता ते आपल्या उशीवर बसून राहायचे आणि ती येईस्तोवर आरशात आपले केस ठीकठाक करायचे.

सूर्य खाली आला होता. घर जवळ आलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माळ, ना झाड, ना दुकान, ना माणूस.

"थांबव," ताई म्हणाली.

मामांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "इथं? इथं काय आहे गं?"

"काही नाही," ताई म्हणाली, दाराला हात घालत. "उतरायचंय."

मामांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.